जेवढं गेलं, तेवढं परत

मुलाला जुलाब लागले की घरात पहिला प्रश्न उठतो तो हा: थांबवायला काय द्यायचं? आजी सहाणेवर जायफळ उगाळायला बसते. वडील औषधाच्या दुकानात जाऊन ‘लूज मोशनची गोळी’ मागतात. शेजारीण येऊन दूध बंद कर म्हणून सांगते. या धावपळीत सकाळ निघून जाते आणि तेवढ्या वेळात मुलाच्या पोटात पाण्याचा घोटही जात नाही, कारण ‘प्यायलं की लगेच होतं’ अशी सगळ्यांची समजूत. लहान मुलांच्या जुलाबात पुढे जे काही गंभीर घडतं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशा कोरड्या गेलेल्या तासांत झालेली असते.

बहुतेक जुलाब आपले आपण थांबतात. त्यांना तीन ते सात दिवस लागतात आणि घाई करून ते फारसे लवकर आटोपत नाहीत. तेवढ्या दिवसांत मुलाच्या अंगातलं पाणी आणि क्षार टिकवून धरणं हे आईवडिलांचं खरं काम. ते घरी करता येतं, त्याला महागडं काही लागत नाही, आणि ते वेळेत सुरू केलं तर बहुतेक मुलं ॲडमिट न होता बरी होतात. म्हणून घरातला प्रश्न बदलायला हवा. ‘थांबलं का?’ असं दर तासाला विचारण्याऐवजी ‘जेवढं गेलं तेवढं परत पोटात गेलं का?’ असं विचारा.

जुलाब कशाला म्हणायचं तेही आधी पाहू. दिवसभरात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखी पातळ शी झाली, किंवा मुलाच्या नेहमीच्या सवयीपेक्षा शी एकदम पातळ आणि वारंवार होऊ लागली, तर ते जुलाब. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. पहिल्या काही आठवड्यांत ते दिवसाला आठ-दहा वेळा पिवळी, सैल शी करतं, जवळजवळ प्रत्येक पिण्यानंतर करतं. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, शू भरपूर होत असेल, तर तो आजार नाही आणि त्यावर औषध नको.

मोठ्या माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर अशक्तपणा येतो. लहान मुलाचा हिशेब फार लवकर बिघडतो. दहा किलो वजनाच्या, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाच्या मुलाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेलं की डोळे खोल जाऊ लागतात, तोंड सुकतं. एक लिटर गेलं की जिवावर बेततं. पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या एकदम सुरू झाल्या तर एवढं पाणी एका दिवसात, कधी कधी काही तासांतही जाऊ शकतं.

‘एक बाटली लावा, डॉक्टर’

आपल्याकडे सलाईनवर लोकांचा फार विश्वास आहे. मूल मलूल दिसलं की ‘एक बाटली लावा’ असा आग्रह धरला जातो, आणि डॉक्टरांनी ओआरएसचं, म्हणजे पाण्यात कालवायच्या क्षार-साखरेच्या पुडीचं, पाकीट हातात ठेवलं तर ‘एवढंच?’ असा चेहरा होतो. शिरेतून सलाईन लागतंच अशी वेळ येते, तिच्याबद्दल पुढे येईलच. पण जे मूल शुद्धीवर आहे आणि गिळू शकतं, त्याच्यासाठी चमचा-वाटीने दिलेलं ओआरएस सलाईनच्या तोडीचं काम करतं. याची परीक्षा फार कठीण परिस्थितीत झालेली आहे.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पेटली. तिथल्या छोट्या रुग्णालयात जमिनीवरही जागा उरली नव्हती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधून घेतल्या, पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. पाजणारी माणसं स्वतः निर्वासित होती. त्यांतल्या कुणाला वैद्यकाचं शिक्षण नव्हतं. त्या छावणीत आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या उपायाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

यामागचं शास्त्र साधं आहे. जुलाबात आतड्याची नुसतं पाणी शोषण्याची ताकद कमी होते, पण एक वाट उघडी राहते. मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज ठरावीक प्रमाणात एकत्र आले की आतड्याच्या पेशी त्यांना जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. नुसतं पाणी दिलं तर क्षार भरून येत नाहीत. नुसती साखर जास्त झाली तर ती उलट अंगातलं पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. सगळा खेळ प्रमाणाचा आहे, म्हणून ‘अंदाजे’ हा शब्द या आजारात बाजूला ठेवायचा.

पाकीट नीट वाचा

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून ओआरएसचं जे सूत्र ठरवलं आहे त्यात एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. एकूण २०.५ ग्रॅम. पाकिटाच्या मागे हे आकडे छापलेले असतात, घेताना एकदा नजर टाका. प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि आशाताईंकडे हे पाकीट फुकट मिळतं.

यात ठेच लागते ती पाण्याच्या मापाला. दुकानात मोठं पाकीट एक लिटरचं असतं, आणि चार-सव्वाचार ग्रॅमचं एक लहान पाकीट मिळतं ते २०० मिलिलिटरचं, म्हणजे एका पेल्याचं. घरोघरी मोठं पाकीट फोडून त्यातली चिमूट-चिमूट पेल्यात टाकली जाते आणि उरलेल्याची घडी घालून ते डब्यामागे ठेवलं जातं. असं करू नका. पाकिटातले चार पदार्थ सारखे मिसळलेले असतील याची खात्री नसते, त्यामुळे एका चिमटीत मीठ जास्त येईल, दुसरीत साखर. शिवाय उघडी पूड दमट हवेत पाणी धरते. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी, एकाच वेळी.

एक लिटरचं माप घरात कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवा. पाण्याची विकतची एक लिटरची बाटली सगळ्यात सोपी. स्वच्छ धुतलेल्या पातेल्यात बाटलीभर पिण्याचं पाणी ओता. उकळून गार केलेलं असलं तर उत्तम, पण ते गार होण्याची वाट पाहत मुलाला तहानलेलं ठेवू नका, घरात सगळे पितात तेच पाणी घ्या. हात साबणाने धुऊन पाकीट पूर्ण रिकामं करा, तळाला एकही कण दिसेनासा होईपर्यंत ढवळा, झाकण ठेवा. तयार झाल्यावर उकळायचं नाही. त्यात वरून साखर, दूध, सरबत, काहीही घालायचं नाही. पातेल्यावर वेळ लिहून ठेवा. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका आणि नवं करा.

पाकीट घरात नसेल, रात्र असेल, पाऊस कोसळत असेल, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे चमच्यावरची रास सुरीच्या पाठीने सारून घेतलेली. इथे चूक झाली तर ती मिठाकडे होऊ नये. फार खारट पाणी लहान मुलाच्या रक्तातलं मीठ वाढवतं, त्यातून झटकेही येऊ शकतात. आधी स्वतः चाखून पाहा. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट लागलं तर ठीक, त्याहून खारट लागलं तर ओतून पुन्हा करा. या घरच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, म्हणून ते सकाळपर्यंतची सोय समजा आणि सकाळी पाकीट आणा.

आता डबीतल्या गोड पेयांबद्दल, कारण इथे चांगली शिकलेली माणसंही फसतात. औषधाच्या दुकानात अनेक वर्षं अशी पेयं विकली गेली ज्यांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं ठळक होती आणि आत साखर या सूत्राच्या कितीतरी पट जास्त. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. तरीही दुकानदाराने ‘हे चवीला चांगलं, मूल लगेच पितं’ म्हणून काही पुढे केलं, तर मागचे आकडे वाचल्याशिवाय घेऊ नका. ग्लुकोजची पूड, बाटलीतला फळांचा रस, कोल्ड्रिंक, ऊर्जा देणारी पेयं, चहा यांतलं काहीही ओआरएसच्या जागी चालत नाही.

किती आणि कसं

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक पेला. त्याहून मोठ्याला हवं तेवढं. हे दोन शींच्या मधल्या वेळात थोडं थोडं द्यायचं. पहिली पातळ शी झाली की लगेच सुरू करा, डोळे खोल जाण्याची वाट बघू नका.

देण्याची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची. तहानलेलं मूल पेला धरून गटागटा पितं, पोटाला ताण बसतो आणि सगळं भडभडून बाहेर येतं. मग घरातले म्हणतात, ‘याला ओआरएस पचत नाही.’ पचतं, फक्त सावकाश द्यावं लागतं. लहान मुलाला मांडीवर टेकवून, मान थोडी उंच धरून, चहाच्या चमच्याने दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. फार लहान बाळाला ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. मोठ्या मुलाला वाटीतून छोटे घोट. दुधाची बाटली आणि बूच नको, कारण पुष्कळदा जंतू तिथूनच आलेले असतात.

चमच्यावर विश्वास बसत नसेल तर हिशेब मांडून पाहा. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा. मिनिटाला एक चमचा म्हणजे तासाला ३०० मिलिलिटर. ज्या मुलाच्या अंगातलं पाणी कमी झाल्याची लक्षणं दिसू लागली आहेत त्याला दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर ओआरएस चार तासांत द्यायचं असतं. म्हणजे दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. मिनिटाला एक चमचा दिला तर ते अडीच तासांत पोहोचतं, दोन मिनिटांना दीड चमचा दिला तरी चार तासांत बसतं. हे चार तास आरोग्य केंद्रात, नर्सच्या नजरेखाली जावेत हे उत्तम. पण वाहन मिळेपर्यंत, रस्त्यात, नंबर लागेपर्यंत तुमच्या हातातला चमचा हेच काम करत असतो.

हे एकट्या आईने करायचं काम नाही, हेही आवर्जून सांगायला हवं. चार तास दर मिनिटाला चमचा भरायचा तर हात भरून येतात, रात्री डोळा लागतो. अर्धा तास आई, अर्धा तास बाबा, मग आजोबा अशा पाळ्या लावा. बनगावच्या छावणीत हे काम नातेवाइकांनीच केलं होतं.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा. मग पुन्हा सुरू करा, या वेळी आणखी हळू, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली म्हणजे दिलेलं सगळं बाहेर पडलं असं नसतं, बरंचसं आत राहिलेलं असतं. अंगात पाणी भरत आलं की बहुतेक मुलांची मळमळ आपोआप कमी होते. आणि पाणी भरून आल्यावर मूल ओआरएस झिडकारू लागलं, तोंड फिरवू लागलं, तर ते बरेचदा चांगलं लक्षण असतं, कारण क्षारांची गरज असताना मुलं हे खारट-गोड पाणी आवडीने पितात. पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर ओआरएस थांबवून साधं पाणी आणि अंगावरचं दूध द्या.

ताट उचलून ठेवू नका

‘पोटाला विश्रांती’ म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची पद्धत अजून गेलेली नाही, आणि तिने मुलांचं मोठं नुकसान होतं. आतड्याची झालेली झीज अन्न मिळालं तरच भरून येते. उपाशी मूल जुलाबातून उठतं ते वजन गमावून, आणि वजन गमावलेल्या मुलाला पुढचे जुलाब लवकर गाठतात. आपल्याकडे कुपोषण आणि हगवण यांची साखळी अशीच चालत आली आहे.

अंगावरचं दूध एक वेळही बंद करायचं नाही. उलट जास्त वेळा, जास्त वेळ पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावरचं दूध आणि ओआरएस, बाकी काही नको. वरचं दूध पिणाऱ्या मुलाचं दूध बहुतेक वेळा थांबवावं लागत नाही, आणि पाणी घालून पातळ तर मुळीच करू नका. दूध प्यायल्यावर जुलाब उघडउघड वाढत असतील तर डॉक्टरांना विचारून काही दिवस दह्यावर या.

आपल्या स्वयंपाकघरात आजारी मुलाला चालणाऱ्या पदार्थांची वाण नाही. मूगडाळ-तांदळाचा गुरगुट्या भात, त्यावर चमचाभर तूप. तांदळाची मीठ घातलेली पेज किंवा कण्हेरी, वरणाच्या वरचं पाणी, दहीभात, मऊ भातावर मेतकूट, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, नाचणीची आंबील, ताजं ताक. कोकणात लहान मुलांना खिमट देतात, तेही उत्तम. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम चांगलं असतं पण सोडियम कमी, म्हणून ते ओआरएसच्या जोडीला द्या, त्याच्याऐवजी नको. नुसती साबुदाण्याची पेज तीन-तीन दिवस देऊ नका, तिच्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. भूक मेलेली असते, तेव्हा दर तीन-चार तासांनी दोन-दोन घास भरवा. जुलाब थांबल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, हरवलेलं वजन त्यातून परत येतं.

पाकिटाबरोबर आणखी एक गोष्ट आरोग्य केंद्रातून मिळते आणि घरी आणून विसरली जाते, ती म्हणजे झिंकच्या गोळ्या. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, असं १४ दिवस. चमच्यात थोडं पाणी किंवा आईचं दूध घेऊन गोळी टाकली की ती विरघळते. चव धातूसारखी लागते, मूल तोंड वाकडं करेल. जुलाब चौथ्या दिवशी थांबले की लोक गोळ्याही थांबवतात. पण १४ दिवस पूर्ण केले तरच पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा धोका कमी होतो. गोळ्यांची पट्टी डोळ्यांसमोर ठेवा, देव्हाऱ्याजवळ ठेवा, पण संपवा.

काय देऊ नये

जुलाब ‘बांधणारी’ लोपेरामाइडसारखी औषधं लहान मुलांना द्यायची नाहीत. ती आतड्याची हालचाल थांबवतात. शी बाहेर दिसत नाही, पण पाणी आतड्यातच साचतं, पोट फुगतं आणि घरच्यांना वाटतं, बरं वाटतंय. जायफळाचंही असंच. वेढाभर उगाळून दिलेल्या जायफळाची परंपरा मोठी आहे, पण जास्त झालं तर मुलाला गुंगी येते. जुलाब झालेल्या मुलाची गुंगी हे धोक्याचं सर्वांत मोठं लक्षण, आणि ती औषधाची की आजाराची हे मग कुणालाच सांगता येत नाही. त्याहून काळजीची गोष्ट सहाणेची. गुटी उगाळायची सहाण, त्यावरचं न उकळलेलं पाणी आणि घाईत न धुतलेलं बोट, यांतून सहा महिन्यांखालच्या बाळाच्या पोटात जंतू जातात. परंपरेचा मान ठेवूनही सांगावं लागतं, जुलाब सुरू असताना गुटी नकोच.

अँटिबायोटिकबद्दल आईवडिलांनी थोडं खंबीर व्हायला हवं. लहानपणीचे पाण्यासारखे जुलाब बरेचसे विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही, आणि काही अँटिबायोटिकमुळे जुलाब वाढतातही. शीतून रक्त पडत असेल किंवा कॉलऱ्याचा संशय असेल तर ते लागतं, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. मागच्या वेळची उरलेली बाटली कपाटातून काढून देऊ नका. दात येताहेत म्हणून जुलाब होतात, ही समजूतही सोडून द्या. त्या वयात मूल रांगतं आणि हाताला येईल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. दातांवर दोष टाकला की पाणी पाजायला उशीर होतो.

बाळाचं अंग वाचायला शिका

जुलाब सुरू असेपर्यंत दर तीन-चार तासांनी मुलाला उजेडात घेऊन नीट पाहा. डोळे खोल गेलेत का? रडताना डोळ्यांतून पाणी येतं का? जीभ आणि ओठ ओले आहेत की चिकट? दीड वर्षाच्या आतल्या बाळाची टाळू आत गेली आहे का? टाळू बसली म्हणून तेल भरायला जाण्याआधी पाणी भरायला घ्या, कारण ती अंगातलं पाणी कमी झाल्याने बसलेली असते. लंगोट किंवा डायपर शेवटचं कधी ओलं झालं ते आठवा. पाण्यासारखी शी झाली की शू झाली की नाही ते कळत नाही, म्हणून शूचा रंगही बघा. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय.

मग पोटाच्या कातडीचा चिमटा. बेंबी आणि कुशीच्या मध्ये, अंगठा आणि तर्जनीने कातडी उभी उचलायची आणि सोडायची. निरोगी मुलाची कातडी तत्क्षणी सपाट होते. हळू बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर घरी थांबायचं नाही. हा चिमटा आज, मूल बरं असताना, एकदा घेऊन पाहा. नेहमीचं कसं दिसतं हे माहीत असलं तर बिघडलेलं लगेच कळतं.

मूल चिडचिडं झालंय, सारखं पाणी मागतंय, भांडं दिसलं की झेपावतंय, तर पाणी कमी पडायला लागलंय, ओआरएस वाढवा आणि आरोग्य केंद्र गाठा. याहून जास्त भीती गप्प झालेल्या मुलाची वाटायला हवी. दिवसभर किरकिरणारं मूल संध्याकाळी एकाएकी शांत पडलं, हाक मारल्यावर डोळे उघडेना, चमचा तोंडाशी नेला तर गिळेना, तर ते झोपलेलं नाही. त्याला शिरेतून सलाईन लागणार आहे आणि आता एकेक मिनिट मोलाचं आहे. १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नका. शुद्धीत असेल तर रुग्णवाहिकेतही चमचा सुरू ठेवा.

दोन महिन्यांखालच्या बाळाला जुलाब झाले तर घरी वाट पाहूच नका. शीत रक्त, दिलेलं सगळं उलटून टाकणं, सहा-आठ तास शू न होणं, पोट फुगणं, झटके, जास्त ताप, किंवा तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब भराभर होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी डॉक्टर. दोन-तीन दिवसांत काहीच उतार नसेल तरी डॉक्टर, आणि १४ दिवस लांबले तर तो वेगळाच आजार समजून तपासण्या कराव्या लागतात. अंगणवाडीत तीव्र कुपोषित म्हणून नोंद झालेल्या मुलाची लक्षणं फसवी असतात. डोळे आणि कातडी नेहमीच तशी दिसते आणि त्याला देण्याच्या पाण्याचं गणितही निराळं असतं. त्याला पहिल्याच दिवशी रुग्णालयात न्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

बाळाची शी निरुपद्रवी असते असं समजून दुपटी नळाखाली, विहिरीच्या काठावर धुतली जातात. तान्ह्याच्या शीतही मोठ्यांच्या इतकेच जंतू असतात. ती शौचालयात टाका, दुपटी पाणवठ्यापासून दूर धुवा आणि मग साबणाने हात. बाळाला भरवण्यापूर्वी आणि स्वयंपाकाला लागण्यापूर्वीही साबण हवा, नुसतं पाणी नको. सारख्या शीने मुलाची कातडी सोलवटली असेल तर शी पुसून काढू नका. पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून खोबरेल तेल लावा.

पहिल्या पावसात विहिरींत आणि नळांत गढूळ पाणी येतं. गावात पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर रोज पडते का, पाण्यातलं क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी होते का, हे ग्रामपंचायतीत विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. ग्रामसभेत हा प्रश्न बायकांनी लावून धरला की शिपाई वेळेवर पावडर टाकतो. घरी पाणी खळखळ उकळा किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. हंड्यात हात बुडवू नका, दांड्याचं ओगराळं वापरा.

जोराच्या उलट्या आणि तापाबरोबर येणारे, विशेषतः हिवाळ्यातले बरेच जुलाब रोटाव्हायरसचे असतात आणि त्यांवर लस आहे. भारतात ती २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली, आता महाराष्ट्रात सगळीकडे मोफत मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींबरोबर ती तोंडातून देतात. साबण आणि स्वच्छ पाणी असलेल्या घरातही हा विषाणू शिरतो, त्यामुळे शहरातल्या मुलांनाही तिची तेवढीच गरज आहे. बाळाचं लसीकरण कार्ड काढून पाहा. पहिला डोस राहिला असेल आणि बाळाला अजून वर्ष पूर्ण झालं नसेल, तर तो आताही घेता येतो. पुढचं लसीकरण सत्र कोणत्या दिवशी आहे ते आशाताईंना विचारा, आणि त्यांच्याकडूनच ओआरएसची दोन पाकिटं आणि झिंकची पट्टी घरी आणून ठेवा.